आगमनकाळात देवाकडे काय मागावं?

१२७३ साली संत थॉमस अक्वायनस नेपल्सच्या डॉमिनिकन मठात राहत होते. ख्रिस्ती श्रद्धेवरचा त्यांचा महाग्रंथ, ‘सुम्मा थिओलॉजिया’, शेवटच्या भागापर्यंत येऊन पोचला होता. जुने चरित्रकार सांगतात, की एकदा प्रार्थनेत असताना क्रूसावरच्या ख्रिस्ताने त्यांना विचारलं, तू माझ्याविषयी चांगलं लिहिलंस, तुला बक्षीस काय देऊ? थॉमस म्हणाले, प्रभू, तू स्वतः. दुसरं काही नको. ही झाली आख्यायिका. पुढची घटना तारखेनिशी नोंदलेली आहे. त्याच वर्षी ६ डिसेंबरला मिस्सा अर्पण करताना त्यांना एक अनुभव आला आणि त्यानंतर त्यांनी तो ग्रंथ पुढे नेला नाही. आजवर लिहिलेलं सगळं आपल्याला आता पेंढ्यासारखं वाटतं, एवढंच त्यांनी आपल्या सहकाऱ्याला सांगितलं. ७ मार्च १२७४ रोजी त्यांचा मृत्यू झाला. ग्रंथ अपुराच राहिला.

६ डिसेंबरचा तो अनुभव आला, तेव्हा १२७३ चा आगमनकाळ नुकताच सुरू झाला होता. या काळात देवाकडे काय मागायचं, या प्रश्नाचं ‘प्रभू, तू स्वतः’ याहून थेट उत्तर मला माहीत नाही. मात्र थॉमस यांचं उत्तर ऐकायला जितकं सोपं, तितकं मनापासून देणं अवघड. नोकरी, मुलांच्या परीक्षा, घरातलं आजारपण आणि नाताळाची धावपळ यांच्यामध्ये ते उत्तर आपलं कसं होईल, हा या लेखाचा विषय आहे.

आधी थोडी उजळणी. प्रेषित अंद्रिया यांचा सण ३० नोव्हेंबरला असतो. त्या तारखेच्या सर्वांत जवळचा रविवार हा आगमनकाळाचा पहिला रविवार. म्हणून तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कुठेही येतो आणि हा काळ कमीत कमी २२, जास्तीत जास्त २८ दिवसांचा होतो. चर्चचं उपासनावर्ष इथूनच सुरू होतं. वेदीवर जांभळा रंग येतो, कॅथलिक मिस्सेतलं गौरवगीत थांबतं, तिसऱ्या रविवारी आनंदाची चाहूल म्हणून गुलाबी रंग वापरता येतो. १६ डिसेंबरपर्यंत उपासनेची नजर प्रभूच्या पुनरागमनाकडे असते. १७ पासून ती बेथलेहेमकडे वळते. बाराव्या शतकातले मठाधिपती संत बर्नार्ड या दोन आगमनांच्या मधे तिसरं एक आगमन सांगत. पहिलं गव्हाणीत झालं, शेवटचं गौरवात होईल, आणि मधलं श्रद्धावंताच्या अंतःकरणात, कुणाच्या नजरेस न पडता, रोज होत असतं. आपल्याला या चार आठवड्यांत ज्याची वाट पाहायची आहे, ते हेच मधलं आगमन.

देवाकडून काही मिळावं ही इच्छा हलक्या भक्तीची खूण आहे, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. निष्काम भक्तीचा संस्कार मराठी मनावर खोल आहे, आणि तो चांगलाच आहे. पण बायबल प्रतिफळाविषयी अजिबात संकोच करत नाही. येशू डोंगरावरच्या प्रवचनात त्याच्याविषयी पुनःपुन्हा बोलतो. प्रभू येतो तेव्हा आपलं वेतन बरोबर घेऊन येतो, असं यशया चाळिसाव्या अध्यायात सांगतो, आणि लगेच पुढच्या ओळीत दाखवतो काय, तर कोकरांना उचलून उराशी धरणारा मेंढपाळ. एवढा गाजावाजा करून आणलेलं वेतन हेच, की त्याने आपल्याला उचलून घ्यावं.

अब्राहामाची गोष्ट याहून बोलकी आहे. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात तो लढाई जिंकून येतो आणि सदोमच्या राजाने देऊ केलेली लूट नाकारतो. सुताचा धागा किंवा जोड्याचा बंददेखील घेणार नाही, असं म्हणतो. पंधराव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच देव त्याला सांगतो, भिऊ नकोस, मी तुझी ढाल आहे, तुझं प्रतिफळ फार मोठं आहे. यावर अब्राहाम काय करतो? कृतज्ञतेने मान खाली घालत नाही. तो तक्रार करतो. तू मला देणार तरी काय, मला मूलबाळ नाही, माझ्यामागे माझं घर नोकराच्या हाती जाणार! आणि देव रागावत नाही. त्याला बाहेर नेतो आणि तारे मोजायला सांगतो. देवाशी नातं म्हणतात ते हेच. मनातलं दुःख लपवून गोड बोलणं नव्हे, तर ज्याने वचन दिलं त्याच्याच पुढ्यात ते ठेवणं. थॉमस यांच्यासारखं उत्तर अजून ओठांवर येत नसेल, तर अब्राहामाच्या तक्रारीपासून सुरुवात करायला हरकत नाही.

तरीही एका गोष्टीपासून सावध राहावं लागतं, आणि ती चर्चला नियमित जाणाऱ्यांनाच अधिक लागू आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात आपलं लक्ष धाकट्याकडे जातं. थोरला संध्याकाळी शेतावरून परततो, घरातून गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो आणि दारातच अडून बसतो. इतकी वर्षं राबलो, तुमची आज्ञा कधी मोडली नाही, आणि मित्रांबरोबर आनंद करायला मला एक करडूही दिलं नाहीत, हे त्याचं म्हणणं. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो : बाळा, तू तर नेहमी माझ्याजवळच आहेस, आणि माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे.

थोरल्याची शोकांतिका ही, की त्याला बक्षीस आधीच मिळालेलं होतं. तो बापाच्या घरात राहत होता, बापाबरोबर जेवत होता, आणि नजर मात्र करडावर होती. रविवार चुकवला नाही, जपमाळ चुकवली नाही, दशांश दिला, गायनमंडळात वर्षानुवर्षं गायलो, तरी मुलीचं लग्न जमत नाही, कर्ज फिटत नाही, असं आपण म्हणतो तेव्हा त्या दुःखात काही खोटं नसतं. दुःख देवापुढे न्यायलाच हवं. पण आपली भक्ती हा त्याच्यावरचा हक्क झाला, तिची मजुरी मागितली जाऊ लागली, की लेकरू घरातच गडी होऊन बसतं. आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात हे एकच काम करा. आपल्या नेहमीच्या मागण्या एका कागदावर लिहा, आणि प्रत्येकीपुढे स्वतःला विचारा : हे मिळालं नाही, तर देव मला हवासा राहील का? उत्तर ‘नाही’ असं आलं, तर घाबरू नका. तेच उत्तर त्याला सांगा. प्रार्थना तिथूनच खरी होऊ लागते.

इस्राएलाच्या वंशांना वचनदत्त भूमी वाटून दिली गेली, तेव्हा लेवी वंशाला इतरांसारखा जमिनीचा वाटा मिळाला नाही. तुमचा वाटा, तुमचं वतन मी स्वतः आहे, असं देवाने त्यांना सांगितलं होतं. वाडीच्या बांधावरून, वडिलोपार्जित घराच्या एका खोलीवरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेले आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी हा लेवींचा वाटा आगमनकाळात पुन्हा वाचावा आणि सोळावं स्तोत्र त्याच्याजोडीला घ्यावं.

आता रोजच्या दिवसाकडे येऊ. पहिली गरज आहे ठरलेल्या वेळेची. पंधरा मिनिटं पुरेशी आहेत, पण ती रोजची हवीत आणि एकाच जागी हवीत. माझं मत असं, की सकाळची वेळ उत्तम, फोन हातात घेण्याआधीची. पहाटेच्या अंधारातच वाट पाहण्याचा अर्थ कळतो. ऑस्ट्रियात, दक्षिण जर्मनीत आणि पोलंडमध्ये आगमनकाळात सूर्योदयापूर्वी, केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात, पवित्र मरियेच्या सन्मानार्थ मिस्सा होते; पोलंडमधली मुलं हातात कंदील घेऊन तिला जातात. आपल्याला एवढा थाट करायची गरज नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळची खुर्ची आणि एक मेणबत्ती चालेल. पहाटेची विरार लोकल धरणाऱ्यांना किंवा रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्या परिचारिकेला हे जमणार नाही. त्यांनी आपल्याला शक्य ती वेळ निवडावी. लोकलमध्ये जपमाळ जरूर करा. पण दिवसातला थोडा वेळ असा ठेवा, जेव्हा हातात दुसरं काहीच नाही.

त्या पंधरा मिनिटांत काय करायचं? बसल्याबरोबर बोलायला लागू नका. आपण कुणाच्या पुढे बसलो आहोत, याचं भान यायला एक-दोन मिनिटं जाऊ द्या. मग त्या दिवसाचं वाचन हलक्या आवाजात, सावकाश वाचा. ज्या ओळीवर मन अडखळेल, तिथेच थांबा. पुढचं वाचायचं राहिलं तरी बिघडत नाही. मग त्या ओळीबद्दल देवाशी बोला, आपल्या घरच्या भाषेत. सामवेदीत, कोकणीत, अहिल्यानगरकडच्या किंवा विदर्भातल्या बोलीत जसं आईशी बोलता, तसं. शेवटची काही मिनिटं गप्प बसा. या गप्प बसण्यात काही घडलं नाही असं वाटेल. वाटू द्या. दोन माणसं एकमेकांच्या सहवासात निवांत बसू लागली, की त्यांचं नातं मुरलं असं आपण समजतो. देवाच्या बाबतीतही हेच खरं आहे.

वाचनासाठी वेगळं पुस्तक शोधायची गरज नाही. मिस्सेची वाचनं इतक्या विचाराने लावलेली आहेत, की त्यांच्यामागून गेलं तरी पुरे. सुरुवातीच्या दिवसांत यशया ओळीने येतो. दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारपासून शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान भेटतो. १७ डिसेंबरपासून मत्तयाचा आणि लूकचा पहिला अध्याय क्रमाने वाचला जातो : येशूची वंशावळ, योसेफाचं स्वप्न, मुका झालेला जखऱ्या, मरियेला आलेला निरोप, अलिशिबेची भेट. ज्यांच्या चर्चमध्ये ही पद्धत नाही, त्यांच्यासाठी एक साधी वाट आहे. लूकच्या शुभवर्तमानाचे चोवीस अध्याय आहेत. १ डिसेंबरपासून रोज एक वाचला, तर नाताळाच्या आदल्या दिवशी पूर्ण होतं. जुन्या भाषांतराची मराठी जड वाटत असेल, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घ्या. आणि ज्यांना ओवीची गोडी आहे, त्यांनी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तलं पहिलं पुराण उघडून पाहावं. १६१६ साली गोव्यातल्या राशोल इथे ते प्रथम छापलं गेलं. त्या पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या लोकांपर्यंतची कथा आहे. म्हणजे मराठीतला तो एक मोठा आगमनकाळच म्हणायचा.

स्वतःचे शब्द सुचत नसतील, तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं हाताशी ठेवा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर टिळकांना घरदार, नातलग, पत्नी आणि मूल यांचा विरह सोसावा लागला. लक्ष्मीबाई काही वर्षांनी त्यांच्याकडे परतल्या आणि पुढे स्वतःही ख्रिस्ती झाल्या. ते दिवस कसे होते, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारणारी भजनं असं सगळं गमावलेल्या माणसाने लिहिली आहेत, हे मनात ठेवून ती गाऊन पाहा.

उपवास आणि दान हे आगमनकाळाचे जुने सोबती. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर इथल्या बिशप परपेतुउस यांनी संत मार्टिन यांच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास ठरवून दिला होता. आज लॅटिन चर्चमध्ये असं बंधन नाही. आपण एकच गोष्ट सोडावी, आणि ती अशी असावी की तिने देवाची जागा बळकावलेली आहे. बहुतेकांच्या बाबतीत ती रात्री अंथरुणात पडल्यावरचा फोन असते. तो बाहेरच्या खोलीत ठेवून झोपा. मटण सोडण्यापेक्षा हे अधिक कठीण जाईल, आणि अधिक उपयोगी पडेल.

दानाविषयी येशूचा नियम कडक आहे. जे लोकांनी पाहावं म्हणून देतात, त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं आहे. जे गुप्तपणे देतात, त्यांना गुप्तात पाहणारा पिता फळ देतो. त्या पित्याने पाहणं, आणि आपण त्याच्या नजरेत आहोत हे आपल्याला ठाऊक असणं, हाच त्या फळाचा मोठा भाग आहे असं मी मानतो. ६ डिसेंबरला ज्यांचा सण येतो, ते मायराचे बिशप संत निकोलस यांची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट अशीच आहे : तीन मुलींच्या लग्नाला पैसे नसलेल्या एका बापाच्या घरात त्यांनी रात्रीच्या वेळी, ओळख न देता, खिडकीतून सोनं टाकलं. लाल कपड्यांतला सांताक्लॉज फार पुढचा. यंदा मुलांना ही मूळ गोष्ट सांगा आणि घरातल्या सर्वांनी मिळून एक गुप्त दान ठरवा. किराणा दुकानात एखाद्या घराची थकलेली उधारी फेडा. मुख्याध्यापकांना भेटून एखाद्या विद्यार्थ्याची फी भरा आणि नाव सांगू नका अशी विनंती करा. फोटो काढू नका, धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, प्रार्थनासभेत साक्ष म्हणूनही सांगू नका. कुणाला सांगता येत नाही असं एखादं सत्कृत्य मनात घेऊन नाताळाला चर्चमध्ये बसणं कसं असतं, ते अनुभवूनच पाहावं.

समेटाचं काम मात्र गुप्त ठेवता येत नाही. त्यासाठी कुणाच्या तरी दारात जावं लागतं. दऱ्या भरून काढा, डोंगर सखल करा, ही यशयाची हाक दुसऱ्या रविवारच्या आसपास चर्चमध्ये घुमते. कॅथलिकांनी कुमसार २४ डिसेंबरच्या रांगेवर ढकलू नये. दुसऱ्या आठवड्यातच धर्मगुरूंना वेळ विचारून घ्यावी, म्हणजे घाई होत नाही. आणि जिच्याशी बोलणं तुटलं आहे अशी एक व्यक्ती निवडावी. सगळा हिशेब मिटवायची गरज नाही. एक फोन, आजारी असेल तर एक भेट, फराळाचं एक ताट. समोरच्याने दार लावून घेतलं, तरी आपल्या बाजूचा रस्ता मोकळा झालेला असतो.

एवढं सगळं करूनही काहींना आतून कोरडंच वाटेल. याविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण बरेच लोक इथेच थकतात आणि आपली प्रार्थना देवापर्यंत पोचत नाही असं ठरवून मोकळे होतात.

बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात होता. ज्याच्यासाठी त्याने वाट तयार केली, त्याच्याकडेच त्याने माणसं पाठवून विचारलं : येणारा तो तूच ना, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशूने त्याची सुटका केली नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना शुभवर्तमान सांगितलं जातं, एवढा निरोप पाठवला. आणि लोकांसमोर मात्र योहानाची जी थोरवी गायली, तशी दुसऱ्या कुणाची गायली नाही. शंका घेणाऱ्या माणसाविषयी देव त्याच्यामागे काय बोलतो, ते इथे कळतं.

स्पेनचे संत योहान ऑफ द क्रॉस यांचा सण १४ डिसेंबरला येतो. २ डिसेंबर १५७७ च्या रात्री त्यांच्या संन्यासी संघाच्या सुधारणेला विरोध करणाऱ्या, त्याच संघातल्या लोकांनी त्यांना आविला इथून पकडून नेलं आणि तोलेदोच्या मठात एका अरुंद कोठडीत डांबलं. पुढच्या ऑगस्टमध्ये ते निसटेपर्यंत सुमारे नऊ महिने त्यांनी तिथे काढले. देवाने आपल्याला शोधावं आणि आपण त्याला, या प्रेमाच्या त्यांच्या प्रसिद्ध कवितेचा मोठा भाग त्याच कोठडीत रचला गेला.

आणि गोव्याचे सायब, संत फ्रान्सिस झेवियर. दरवर्षी २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात त्यांची नवेना सुरू होते आणि ३ डिसेंबरला सण साजरा होतो. बाँ जेझू बासिलिकेत त्यांच्या अवशेषांपुढे लाखो माणसं आपली मागणी घेऊन येतात. मुंबई-वसईहून जाणारेही पुष्कळ. त्या रांगेत उभं असताना हे आठवावं, की झेवियर यांची शेवटची मोठी इच्छा पूर्ण झाली नव्हती. त्यांना चीनमध्ये जायचं होतं. १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर ते एका व्यापाऱ्याच्या होडीची वाट पाहत राहिले. होडी आली नाही. तिथेच एका झोपडीत, तापाने, डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी प्राण सोडला. ज्यांच्याकडे आपण मध्यस्थी मागतो, त्यांचं स्वतःचं वाट पाहणं असं संपलं. आणि देवाने आपल्याला फसवलं, असं त्यांना वाटल्याची खूण त्यांच्या चरित्रात कुठेही नाही.

तेव्हा कोरडेपणाच्या दिवसांत वेळ कमी करू नका आणि वाढवूही नका. ठरलेली पंधरा मिनिटं बसा. वाचन मनात शिरत नसेल, तर येशूचं नाव सावकाश घेत राहा. ज्या घरात यंदा मृत्यू झाला आहे, तिथे तर एवढंही पुष्कळ झालं. त्या घरावर चांदणी लावायची की नाही, फराळ करायचा की नाही, याचा निर्णय त्यांचा त्यांना करू द्या. शेजाऱ्यांनी मात्र नाताळाच्या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन बसावं.

मुलांना या सगळ्यात घ्यायचं तर गोठ्यापासून सुरुवात करा. इटलीतल्या ग्रेचो गावात संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ च्या नाताळाला गवत, बैल आणि गाढव आणून गोठा उभा केला आणि गव्हाणीजवळच मिस्सा साजरी झाली. आपल्या घरातली गव्हाणीही २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत रिकामी राहू द्या. प्रत्येक चांगल्या कामासाठी मुलाने तिच्यात एक काडी ठेवावी, अशी एक गोड पद्धत आहे. ती जरूर पाळा. फक्त काड्या मोजू नका आणि जास्त काड्या ठेवणाऱ्याला बक्षीस देऊ नका. तिथेच त्याचा थोरला भाऊ होतो. आईवडील करंज्या लाटत असताना, कलकल वळत असताना मुलांना बेथलेहेमची गोष्ट सांगत राहिले, तर तेवढी शिकवण पुष्कळ आहे. नाताळाची खरेदी आणि फराळ हे भक्तीचे शत्रू नाहीत. शक्यतो तिसऱ्या रविवारपर्यंत खरेदी उरका, म्हणजे १७ डिसेंबरनंतरचे दिवस मोकळे मिळतील.

या काळात ज्यांना सर्वांत जास्त वेळ द्यावा असं मला वाटतं, ती दोन म्हातारी माणसं नाताळाच्या गर्दीत मागेच राहतात. येरुशलेमच्या मंदिरातला शिमोन, आणि ऐन तारुण्यात विधवा झालेली, मंदिरच घर केलेली हन्ना. दोघांनी आयुष्यभर वाट पाहिली. एके दिवशी एक गरीब जोडपं चाळीस दिवसांचं बाळ घेऊन आलं. अर्पणासाठी त्यांच्याकडे कोकरू नव्हतं, पाखरांची जोडी होती. शिमोनाने बाळ हातात घेतलं आणि म्हणाला, प्रभू, आता मला शांतीने जाऊ दे. त्याच्या हाती प्रत्यक्षात काय आलं? रोमनांचं राज्य तसंच होतं. हेरोद तसाच होता. त्या बाळाने त्याच्या हयातीत ना एक चमत्कार केला, ना एक शब्द उच्चारला. काही क्षण बाळाला धरायला मिळालं, आणि शिमोनाला आयुष्य भरून पावलं. हन्ना तर लगेच लोकांना सांगत सुटली. लूकचा दुसरा अध्याय बाविसाव्या ओवीपासून अडतिसाव्यापर्यंत वाचा, आणि शिमोनाच्या जागी स्वतःला उभं करा. घरात वयस्कर आईवडील असतील, तर एका संध्याकाळी त्यांना हा भाग वाचून दाखवा आणि त्यांनी आयुष्यात देवाची वाट कधी, कशी पाहिली ते विचारा. ते जे सांगतील, ते कुठल्याही प्रवचनात मिळणार नाही.

२५ डिसेंबरला हे सगळं संपवू नका. चर्चचा नाताळकाळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीत, चालतो. २६ तारखेला सकाळी त्याच वेळी, त्याच खुर्चीवर बसा. ज्याच्यासाठी चार आठवडे बसलात, तो आता आला आहे. त्याला एकटं सोडू नका.

२०२६ मध्ये आगमनकाळाचा पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे. उपासनेच्या रीतीनुसार तो शनिवारच्या सायंप्रार्थनेपासूनच सुरू होतो. तेव्हा २८ तारखेला संध्याकाळी आपली वेळ, आपली जागा आणि पहिलं वाचन ठरवून ठेवा, आणि घरातल्या एकाला तरी सांगा, की उद्यापासून आपण एकत्र बसू.